तालमीच्या शंभरीसाठी क्रीडा संग्रहालय: आधी नोंदवही, कपाट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. पंचगंगेच्या काठच्या एका गावातली तालीम शंभरीत येते आहे. वरच्या मजल्यावरच्या १२ बाय २० फुटांच्या खोलीत कायमचे क्रीडा संग्रहालय करायचे आहे. हाताशी तीन चांदीच्या गदा, दोनशेच्या आसपास कप आणि ढाली, फ्रेममधले फोटो, जुन्या कुस्ती मैदानांची पत्रके, करेल-मुदगल-जोड्या (फिरवायची लाकडी व्यायामसाधने) आणि एका दिवंगत मल्लाचा लंगोट व पटका एवढा ऐवज आहे. काचेच्या कपाटांचे कोटेशन आले आहे. ऑर्डर द्यावी का?

देऊ नका. निदान सहा महिने तरी नको. कपाट आधी केले की त्याच्या मापात बसेल ते मांडले जाते, आणि बसतात ते कप. पत्रके, लंगोट, हाजरीपट, वर्गणीच्या वह्या यांना मग कुणी विचारत नाही. त्यामुळे शंभर वर्षांच्या तालमीचे संग्रहालय ट्रॉफीच्या दुकानासारखे दिसू लागते. सुरुवात नोंदवहीपासून करा.

जाड बांधणीची, पाने शिवलेली वही घ्या. सुट्या पानांची फाइल नको आणि नुसते एक्सेलही नको. एक्सेलची प्रत जरूर ठेवा, पण मूळ नोंद शाईने वहीत व्हावी. प्रत्येक वस्तूला तीन भागांचा क्रमांक द्या: वर्ष, त्या वर्षी कितव्या देणगीदाराकडून आली, आणि त्या देणगीतली कितवी वस्तू. २०२६.४.११ म्हणजे २०२६ सालच्या चौथ्या देणगीतली अकरावी वस्तू. तालमीकडे आधीपासून असलेल्या सगळ्या वस्तू मिळून पहिली देणगी धरा. पुढचे रकाने: वस्तूचे नाव, माप, वजन, साहित्य, वरचा मजकूर जसाच्या तसा (शुद्धलेखनाच्या चुकांसकट), कुणाची, कुणी आणून दिली, कधी, आणि आजची अवस्था. अवस्थेत ‘चांगली’ एवढे लिहून भागत नाही. ‘मुठीजवळ ४ सेंमी चीर, पत्र्याची एक खिळी गेलेली’ असे लिहिले तर पाच वर्षांनी चीर वाढली की नाही ते कळेल.

क्रमांक वस्तूवर टाकायची रीत साहित्यावर ठरते. धातूवर आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा अ‍ॅसिटोनमधला पातळ थर द्यायचा, तो वाळल्यावर पिगमेंट शाईने बारीक अक्षरात क्रमांक लिहायचा आणि वर पुन्हा एक थर. हा थर पुढे अ‍ॅसिटोनने निघतो. त्याऐवजी नखांचे पॉलिश वापरू नका, ते पिवळे पडून सोलते. कापडाला सुती नाडीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून तो दोन टाक्यांनी शिवावा. कागद आणि फोटोच्या पाठीमागे कोपऱ्यात २बी पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि तो पुन्हा बसत नाही.

देणगीचा कागद याच टप्प्यावर करून घ्या. गावात ‘असू दे तालमीत, आमच्या आबांचीच आहे की’ म्हणून वस्तू येते आणि नातवाच्या काळात तिच्यावरून भांडण लागते. एका पानाचा मजकूर पुरतो: वस्तूचे वर्णन, फोटो, कायमची भेट की मुदतीची उसनवारी, मुदत कधी संपते, दोन साक्षीदार आणि विश्वस्तांच्या ठरावाचा क्रमांक. प्रत दोघांकडे. मोठ्या नावांनाही हा कागद चुकत नाही. हॉकीपटू बलबीरसिंग (सीनियर) यांनी १९८५ मध्ये नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचा आपला कर्णधाराचा ब्लेझर, ३६ पदके आणि शंभराहून जास्त फोटो एका सरकारी संस्थेकडे दिले. ते संग्रहालय झाले नाही आणि वस्तूंचा माग त्यांना हयातीत लागला नाही.

आता कप. दोनशेच्या दोनशे मांडू नका. त्यातले बरेचसे गेल्या तीस-चाळीस वर्षांतले पांढऱ्या धातूचे, एकाच साच्यातले असणार. प्रत्येकाच्या पट्टीचा फोटो काढा, नोंद करा आणि मांडायला फार तर पंधरा निवडा: सगळ्यात जुना, हाताने कोरलेला, बाहेरच्या संस्थानातून किंवा प्रांतातून आलेला, ज्या कुस्तीची गोष्ट माहीत आहे तो. सत्कारातल्या स्मृतिचिन्हांना एक कपाट दिले की दोन वर्षांत दुसरे लागते. म्हणून काय घेणार आणि काय घेणार नाही याचा ठराव आत्ताच करून ठेवा. नाही म्हणायला तो उपयोगी पडतो.

चांदीची गदा मात्र नीट समजून घ्यायला हवी. ती बहुधा भरीव चांदीची नसते. आत लाकूड, वर ठोकून बसवलेला चांदीचा पातळ पत्रा, आणि सांध्यावर बारीक खिळ्या किंवा झाळकाम. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी उत्साही पोरे ती चिंच, टूथपेस्ट किंवा भांड्यांच्या पावडरीने घासतात, तिथे तीन गोष्टी बिघडतात. पाणी सांध्यातून आत जाऊन लाकूड फुगते आणि पत्र्याची शिवण उघडते. पावडर कोरलेल्या अक्षरांत बसून पांढरी पडते. आणि प्रत्येक घासणीत काळ्या थरासोबत थोडी चांदीही जाते, उठावाची नक्षी बोथट होते. मुलामा दिलेल्या वस्तूचे तर खालचे पितळच वर येते. ऑलिंपिकचे ‘सुवर्णपदक’सुद्धा चांदीवर सोन्याचा मुलामा असते. भरीव सोन्याची पदके शेवटची १९१२ ला दिली गेली. तेव्हा पदक कोणतेही असो, पॉलिश लावायचे नाही.

गदेवर आधी मऊ ब्रशने धूळ झाडा. काळपट छटा राहू द्या, ती वाचनाला अडथळा करत नाही. अगदीच काळीठिक्कर असेल तर प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी (रसायनांच्या दुकानात मिळते) आणि डिस्टिल्ड पाण्याचे काही थेंब यांची दाट पेस्ट करा. ती कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकेक इंच काम करा, सांध्यापासून दूर राहा आणि लगेच कोरड्या बोळ्याने पुसा. हे एकदाच. नंतर हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण घामातल्या क्षारांचे ठसे धातूत कोरले जातात. गदेचे वजन सराफाकडून करून घ्या, चारी बाजूंनी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चोरी झाली तर पोलिसांना आणि विमा कंपनीला हेच लागते. शंभर वर्षांपुढची गदा असेल तर ती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि मग देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मराठी मंडळाने प्रदर्शनासाठी मागितली तर हे आधी बघा.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे, आणि क्रीडा संग्रहालयात गंधक आपणच आणून ठेवतो. बुटांचे रबरी तळवे, बॅटची रबरी ग्रिप, फुटबॉलचा ब्लॅडर, लोकरी ब्लेझर, या सगळ्यांतून तो सुटतो. म्हणून ‘एका मल्लाचे एक कपाट’ ही मांडणी दिसायला छान असली तरी त्याचे बूट आणि त्याचा चांदीचा कप एका बंद काचेत ठेवू नका. अलीकडच्या स्पोर्ट्स शूजचे फोमचे तळवे न वापरताही दहा-वीस वर्षांत भुगा होतात. ते दान म्हणून घेतानाच सांगून टाका की हे टिकणार नाहीत, आणि लगेच फोटो काढून ठेवा.

कपाटांची ऑर्डर द्याल तेव्हा प्लायवूड आणि एमडीएफ टाळा. त्यांच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड आणि आम्लाच्या वाफा निघतात. पावडर कोटिंग केलेले लोखंड आणि काच घ्या. सांध्याला सिलिकॉन भरताना कारागिराला ‘न्यूट्रल’ सिलिकॉनच वापरायला सांगा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला खाते. काम झाल्यावर दारे उघडी ठेवून कपाट महिनाभर वाऱ्यावर राहू द्या. आत लाल मखमल नको, तिचा रंग उतरतो. साधे मांजरपाट आणा, खळ जाईपर्यंत दोनदा गरम पाण्यात धुवा, वाळवून अंथरा. शंका असेल तर वापरायच्या कापडाचा तुकडा, चांदीचा आणि तांब्याचा घासलेला तुकडा, आणि छोट्या उघड्या कुपीत थोडे पाणी असे झाकणाच्या बरणीत बंद करून महिनाभर उबदार जागी ठेवा. शेजारी कापड न घातलेली तशीच एक बरणी ठेवा. कापडाच्या बरणीतला धातू जास्त काळवंडला तर ते कापड बाद.

लंगोट आणि पटका धुऊ नका. लंगोटावरची लाल माती आणि घामाचे डाग हाच त्याचा पुरावा आहे. धुतल्यावर उरते ते बाजारात मिळणारे कापड. पण मळलेले कापड कसरीला आणि झुरळांना आवडते. म्हणून खोलीत आणण्यापूर्वी ते पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून दुहेरी बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांना दोन आठवडे ठेवा. आइस्क्रीमवाल्याचा चेस्ट फ्रीझर चालतो. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचे पाणी थेट कापडावर धरते. डांबरगोळ्या बिलकुल नकोत. त्यांच्या वाफा माणसाला बऱ्या नाहीत आणि काही प्लॅस्टिकेही मऊ पडतात. पटका घडी करून ठेवला की घडीवर जरीची तार तुटते. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेले मांजरपाट गुंडाळून त्यावर पटका सैल गुंडाळा. मांडायचा तर तीन महिने मांडा आणि मग वर्षभर अंधारात विश्रांती द्या.

करेल, मुदगल, जोड्या या लाकडी वस्तू दणकट असतात. त्यांच्या बुडाशी पिठासारखा बारीक भुसा पडतोय का ते दर पंधरवड्याला पाहा. भुशाचा फोटो काढून तो झाडून टाका. पुन्हा पडला तर किडा जिवंत आहे, वस्तू पिशवीत बंद करून वेगळी काढा. वाळवी भिंतीतून येते, म्हणून काहीही भिंतीला टेकवून ठेवू नका. चार इंच मोकळी जागा हवी, म्हणजे मातीची नळी दिसते. मुठीवरचा हातांनी आलेला काळा गुळगुळीतपणा सँडपेपरने काढून वार्निश मारणारे सुतार भेटतात, त्यांना लांब ठेवा. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, तेव्हा जुन्या खांबात तेल मुरलेले असणारच. त्यावर नवे तेल लावू नका, धूळ चिकटते. जुन्या बॅटलाही हाच नियम. चामड्याच्या जुन्या वस्तूंना खोबरेल लावले की पावसाळ्यात बुरशी आलीच.

फोटोंचे काम सगळ्यात वेळखाऊ. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय, त्याहून लहान असेल तर १२००, आणि टिफ फाइल. जेपेग फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला. लॅमिनेशन केलेला फोटो परत सुटत नाही. पीव्हीसीच्या वासाच्या पाकिटात फोटो चिकटतो, पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे घ्या. समूह छायाचित्राची मोठी प्रत काढून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून आकडे घाला आणि तो कागद गावातल्या ऐंशीच्या पुढच्या मंडळींकडे एकेकट्याने न्या. चौघांना एकत्र बसवलेत तर मोठ्या आवाजाचा माणूस जे सांगेल ते सगळ्यांना आठवायला लागते. नाव कुणी सांगितले तेही लिहा.

तुमच्याकडची खरी दौलत पत्रके आहेत. ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ अशा मथळ्याच्या गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावर जोडी, इनाम, पंच, वर्गणीदार आणि छापखाना सगळे असते. नसते ते साल! ‘चैत्र वद्य ८, रविवार’ एवढ्यावर भागवलेले असते, कारण मैदान पुढच्या आठवड्यात होते. साल काढायची रीत अशी. शके दिले असेल तर ७८ मिळवा (जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचे असेल तर ७९). नसेल तर जुनी पंचांगे काढून ती तिथी त्या वारी कोणकोणत्या वर्षी आली ते शोधा. वार सातच असल्याने पंचवीस वर्षांत तीन-चार वर्षे उरतात. मग बाकीच्या खुणांनी चाळा. तिकीट आण्यांत असेल तर साधारण १९५७ पूर्वीचे, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. पत्त्यात ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर १९४९ ते १९६० मधले, कारण नंतर त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचे. ‘महाराष्ट्र केसरी’ अशी बिरुदावली नावापुढे असेल तर १९६१ च्या आधीचे नक्की नाही. एका पत्रकाला या तीन-चार खुणा लावल्या की बहुतेकदा एकच साल उरते. ते पेन्सिलने चौकटी कंसात लिहा, म्हणजे अनुमान आहे हे कळते.

हा कागद आम्लधर्मी असतो, घडीवर तुटतो. सेलोटेप लावू नका. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ यांनी मागून जोड देतात, तो हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तोवर पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक शीटमध्ये सपाट ठेवा. मांडायला रंगीत प्रत काढा, मूळ पत्रक अंधारात राहू दे. प्रतीमुळे प्रेक्षकाचे काही बिघडत नाही.

खोलीबद्दल. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांना जाते आणि ६५ च्या वर सतत राहिली की बुरशी येते. दिवसा एसी लावून रात्री बंद करणे हा सगळ्यात वाईट उपाय, कारण रोज गार-गरम होऊन काचेच्या आत दव धरते. एसी चोवीस तास परवडत नसेल तर लावूच नका. खिडक्या पावसात बंद, उघडिपीला उघड्या, पंखा संथ, आणि कपाटात सिलिका जेल. निळे जेल टाळा, त्यात कोबाल्ट असते, नारिंगी घ्या. रंग बदलला की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास तापवले की पुन्हा वापरता येते. फटी असलेल्या कपाटात मात्र जेल म्हणजे नदीत मीठ टाकणे. आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र प्रत्येक कपाटात एक ठेवा आणि आकडे रोज वहीत लिहा. कापड, कागद, रंगीत फोटो यांवर ५० लक्स, लाकूड-चामड्यावर २०० लक्सपर्यंत प्रकाश चालतो. पश्चिमेची खिडकी असेल तर ती बुजवा. वरचा मजला निवडलात हे बरे केलेत, २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते गावाला ठाऊक आहे. तरीही नोंदवहीची प्रत आणि स्कॅनची हार्डडिस्क नदीपासून लांबच्या गावात कुणाकडे तरी ठेवा.

सुरक्षिततेचा धडा रिओ दि जानेरोचा. फुटबॉल विश्वचषकाची मूळ ज्युल रिमे ट्रॉफी डिसेंबर १९८३ मध्ये तिथल्या फुटबॉल महासंघाच्या इमारतीतून चोरीला गेली आणि परत मिळाली नाही. कपाटाची पुढची काच गोळी न भेदणारी होती, पण मागची चौकट लाकडी. चोरांनी पहारीने मागून उचकटली. तुमच्या सुताराला आधी कपाटाची पाठ दाखवायला सांगा, बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून निघतात का ते बघा. गदेचे कपाट आतून भिंतीत बोल्ट करून घ्या.

पाट्या साठ-सत्तर शब्दांच्या पुढे नेऊ नका. अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको आणि पाटीचा मध्य जमिनीपासून साधारण १४० सेंमीवर असावा. ‘चांदीची गदा, १९६८’ ही पाटी नव्हे. लॉर्ड्सच्या संग्रहालयात पेंढा भरलेली एक चिमणी आहे. १९३६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या जहांगीर खान यांच्या चेंडूने ती मेली. चिमणी चेंडूवर बसवली आहे. वस्तूला काय झाले ते लिहा. मातीत चीतपट झाल्याशिवाय निकाल नव्हता आणि मॅटवर गुण आले, हे मॅटच्या तुकड्याशेजारी लिहिले तर मुलांना खेळ बदलला म्हणजे काय ते समजेल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, ते याच संक्रमणातून. पण तुमच्या तालमीचा त्यांच्याशी संबंध कागदावर सापडत नसेल तर पाटीवर जोडू नका. ‘आमच्याकडे सराव करायचे’ हे वाक्य पुष्कळ तालमींत ऐकू येते.

आखाड्याची माती मांडायची असेल तर ओली घेऊ नका. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू असे जे घातलेले असते त्यावर बुरशी आणि किडे येतात. सावलीत आठवडाभर वाळवा, चाळा, काचेच्या बरणीत घट्ट बंद करा. बरणीपेक्षा मोलाची आहे ती कृती. किती पाटी मातीला किती हळद, किती तेल, कोणत्या महिन्यात पलटायची, हे वस्तादांकडून लिहून घ्या. मापे तालीमवार बदलतात.

शेवटचे काम वय बघून सगळ्यात आधी सुरू करा: वस्तादांचे ध्वनिमुद्रण. पंखा बंद, दार बंद, रेकॉर्डर तोंडापासून हातभर अंतरावर, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव बोलून घ्या, संमतीपत्रावर सही घ्या. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटले की भाषण होते. विचारा: पहाटे किती वाजता उठत होता, जोर किती, बैठका किती, दूध कुणाकडून यायचे, पैसे कोण द्यायचे, हलगी कोण वाजवायचे. डाव तोंडी सांगून कळत नाहीत. दोन पोरांना हौद्यात (आखाड्याच्या मातीत) उभे करून ढाक, कलाजंग, घिस्सा प्रत्येकी तीनदा काढायला लावा: एकदा पूर्ण वेगात, एकदा सावकाश, आणि एकदा पकडीवर थांबून. कॅमेरा तिपाईवर, कमरेच्या उंचीला, बाजूने. वस्ताद मधेच पोराच्या मानेवर चापट मारतील आणि पकड दुरुस्त करतील. तेवढा भाग कापू नका.